चित्र निघाले, पुढे काय?

प्रौढांच्या मेंदूची एमआरआय चित्रे पाहण्याची ज्याच्या डोळ्यांस सवय आहे, त्याला नवजात अर्भकाचे चित्र उलटे वाटते. ज्या छायेत प्रौढाचे श्वेतद्रव्य उजळ दिसते, त्याच छायेत अर्भकाचे श्वेतद्रव्य काळसर दिसते. कारण साधे आहे. मज्जातंतूंवर चढणारे मायेलिनचे स्निग्ध आवरण जन्मतः फार थोड्या ठिकाणी तयार असते. बाकी सर्वत्र पाण्याचाच अंश अधिक. श्वेतद्रव्य हे नाव सार्थ होण्यास पहिली एक-दोन वर्षे जावी लागतात.

हे आवरण घडविणाऱ्या पेशी गर्भावस्थेच्या सुमारे २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात विशेष नाजूक असतात. प्राणवायूचा तुटवडा वा जंतुसंसर्ग त्यांना सोसत नाही. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बालकांत श्वेतद्रव्याची इजा अधिक आढळते. टाळूवर ठेवून केलेल्या सोनोग्राफीत रक्तस्राव दिसतो, मोठ्या पोकळ्या दिसतात. विरळ पसरलेली इजा मात्र बहुधा निसटते. ती एमआरआयमध्ये सापडते. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील १६७ अर्भकांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. ही सर्व बालके ३० आठवड्यांपर्यंतच जन्मलेली होती. त्यांपैकी सुमारे पाचांत एकाच्या श्वेतद्रव्यात मध्यम वा तीव्र दोष आढळला, आणि दोन वर्षांच्या वयात हालचाल व आकलन या दोन्ही बाबतींत मागे पडण्याचा धोका त्या मुलांना अधिक होता. अर्थात चित्र शक्यता सांगते, पत्रिका मांडीत नाही. दोष असूनही नीट वाढलेली मुले असतातच.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, आमच्या शास्त्रात पूरक वस्तू नावाची एक संकल्पना आहे. मोटार घेतली आणि पेट्रोल नाही, तर मोटारीची किंमत केवळ कागदावरची. नवजाताचे एमआरआय चित्र ही अशीच वस्तू आहे. त्याने इजा बरी होत नाही. त्याचे मोल ठरते ते त्यानंतर काय केले जाते यावरून.

चित्र काढणे त्यामानाने सोपे. अर्भकाला पोटभर दूध पाजावे, दुपट्यात घट्ट गुंडाळावे, कान झाकावेत. पुष्कळदा ते भुलीवाचूनच यंत्रात झोपी जाते. यंत्राचा खडखडाट ऐकलेल्या वाचकास हे खरे वाटणार नाही, पण तसे घडते.

अशा चित्रांची आपल्याकडे गरज नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. जन्मतः गुदमरलेल्या पूर्ण दिवसांच्या बालकाचे शरीर तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत गुणकारी ठरून रूढ झाला. तोच २०१५ ते २०१९ या काळात भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बालकांवर पारखला गेला. मुंबईचे शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांत होते आणि मेंदूचे एमआरआय हा त्या पाहणीचा भाग होता. २०२१ साली निष्कर्ष आले: थंड ठेवलेल्या बालकांत मृत्यू ४२ टक्के, न ठेवलेल्यांत ३१ टक्के. परक्या पाळण्यावरून आपल्या पाळण्याचा हिशेब करू नये, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

आता फुलंब्रीचा विचार करू. येथे बाळंतीण अडली की गाडी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे धावते. समजा, शहरात अर्भकाचे चित्र निघाले आणि श्वेतद्रव्यात दोष दिसला. आईला एक लिफाफा मिळेल व पुढची तारीख. पहिल्या दोन वर्षांत मेंदू सर्वाधिक वळणक्षम असतो आणि बाळाकडून हालचाली, खेळ, बोलणे करवून घेण्याची खरी वेळ तीच. परंतु त्या तारखेस जाणे म्हणजे मजुरीचा एक दिवस बुडविणे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे असेल, तर दिवाळीच्या सुमारास तान्ह्या बाळासह ते कारखान्याच्या वाटेला लागलेले असते. तारखेला विचारतो कोण?

वास्तविक व्यवस्थेचे दुवे हाताशी आहेत. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून नवजात मृत्यूंत ६२ टक्क्यांची घट घडविली. ते निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे घरोघर नवजात सेवेचे काम देशभर आशांकडे आले. २०१८ पासूनच्या योजनेत आशाताईंनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांत घरी जावयाचे आहे. जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना २०१३ पासूनची आहे.

तेव्हा दोषाचा अहवाल आईच्या लिफाफ्याबरोबरच गावच्या आशाताईंकडेही, सोप्या मराठीत, गेला पाहिजे. आणि निदान पाच फेऱ्यांचे भाडे व पाच दिवसांची बुडालेली मजुरी चित्राच्याच खर्चात धरली पाहिजे. एसटीत स्त्रियांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. मजुरीचा खाडा मात्र पुराच पडतो.