‘अमरावती स्ट्रेन’ आणि बातम्यांची धास्ती

फेब्रुवारी २०२१ च्या उत्तरार्धात देशभरातील वृत्तवाहिन्यांवर अमरावतीचे नाव सतत झळकत होते. रुग्णसंख्या झपाट्याने वाढल्याने २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती व अचलपूर शहरांत आठवडाभराची टाळेबंदी लागू झाली. अकोला, अकोट आणि मूर्तिजापूर येथेही त्याच आठवड्यात कडक निर्बंध आले. याच सुमारास ‘अमरावती स्ट्रेन’ हा शब्दप्रयोग वाहिन्यांवरून व्हॉट्सअॅपवर आणि तेथून घराघरांत पोहोचला.

नमुन्यांत विषाणूची काही उत्परिवर्तने आढळली होती, हे खरे. मात्र ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलमधील प्रकार त्यांत नसल्याचे आरोग्य विभागाने स्पष्ट केले होते. हा खुलासा मूळ बातमीच्या वेगाने फिरला नाही. खुलासे सहसा फिरतही नाहीत. आपल्याच गावाचे नाव विषाणूला चिकटलेले पाहणे ही वऱ्हाडातील नागरिकांसाठी वेगळीच यातना होती. जागतिक आरोग्य संघटनेने अशी नावे टाळण्याची सूचना २०१५ मध्येच केली होती. विषाणूच्या प्रकारांना ग्रीक अक्षरे मात्र ३१ मे २०२१ रोजी मिळाली.

एकच भयावह बातमी दिवसातून वीस वेळा पाहिली तर धोका वीसपट होत नाही, हे बुद्धीला कळते. शरीराची भयप्रतिक्रिया मात्र प्रत्येक वेळी नव्याने जागी होते. छातीत धडधड, उचटलेली झोप, साध्या खोकल्यानेही दचकणे ही तिचीच रूपे. बॉस्टन मॅरेथॉनमधील २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेत झालेला एक अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. घटनेनंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्यासंबंधीच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक तीव्र ताण आढळला. चीनमध्ये २०२० च्या प्रारंभी झालेल्या पाहणीतही समाजमाध्यमांचा वारंवार वापर आणि चिंताग्रस्तता यांचा संबंध दिसून आला. अर्थात आधीच चिंतित असलेला माणूसच अधिक बातम्या पाहतो, हेही तितकेच शक्य आहे. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात.

वऱ्हाडात या चक्राला आणखी एक पदर होता. येथील असंख्य घरांतील मुले पुण्या-मुंबईत वा परदेशात. जिल्हाबंदीच्या काळात ती आई-वडिलांपर्यंत पोहोचू शकत नव्हती. हाती होता तो फक्त मोबाइल. ज्या बातमीवर काहीच कृती करता येत नाही, ती मनाला सर्वाधिक पोखरते. त्यात रोजच्या बाधितांचा आकडा ठळक, पण चाचण्या किती झाल्या, बरे किती झाले, हे खाली कोठेतरी.

तरीही ‘बातम्या पाहूच नका’ हा सल्ला पोकळ ठरतो. भीती निराधार नव्हती. पुढे डेल्टा म्हणून ओळखला गेलेला प्रकार महाराष्ट्रात पसरत होता, आणि एप्रिल २०२१ मध्ये खाट, प्राणवायू, रेमडेसिविर यांचा शोध अनेकांनी व्हॉट्सअॅपच्या गटांवरच घेतला. त्याच गटावर काढ्याचे नुस्खे आणि जुन्या चित्रफितीही येत होत्या. कामाची माहिती आणि गाळ यांची अशी सरमिसळ झाली की मोबाइल बाजूला ठेवणे हाच धोका वाटू लागतो.

वृत्तपत्र दिवसातून एकदा येते आणि शेवटच्या पानावर संपते. मोबाइलचा पडदा संपत नाही. कागदावरून विषाणू पसरतो, या अफवेने मार्च २०२० मध्ये अनेक घरांनी अंक बंद केला आणि संपणारी बातमी सोडून न संपणारी पत्करली. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही याच दिशेचा होता : ठरावीक वेळी, दिवसातून एक-दोनदा, विश्वासार्ह ठिकाणाहून माहिती घ्यावी.

त्या वर्षीची धास्ती आजही कोणाच्या झोपेत डोकावत असेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून समुपदेशन मिळते.