हादग्याची सोळा गाणी

पाठांतर म्हटले की परवचा आठवतो आणि त्यापाठोपाठ छडीही. परंतु छडीवाचून, खेळता खेळता पाठांतर घडवणारी एक शाळा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती म्हणजे हादगा. काही भागांत त्यालाच भोंडला म्हणतात.

हस्ताच्या पावसाच्या दिवसांत मधोमध हत्तीचे चित्र मांडून मुली त्याभोवती फेर धरतात. जेथे हादगा सोळा दिवसांचा, तेथे रीत अशी, की पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, याप्रमाणे सोळाव्या दिवशी सोळा. कालची गाणी पुन्हा म्हणून रोज एकाची भर घातली, तर पहिले गाणे सोळा वेळा, पाचवे बारा वेळा म्हटले जाते. सारी मिळून १३६ आवर्तने होतात. नवे रोज एकच, उजळणी मात्र सगळ्यांची!

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. बारा निरर्थक अक्षरसमूहांची माळ पाठ करताना एका बैठकीतील ६८ आवृत्त्यांनी जे साधले, तेच तीन दिवसांत वाटून दिलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधले. आमच्या आजीबाईंना हे नाव ठाऊक नव्हते. रीत मात्र ठाऊक होती.

शिवाय येथे शब्दांना ठेक्याचा आधार असतो. एखादा शब्द विसरला, तरी तो केवढा होता हे पाऊल सांगते आणि त्याचा शेवट कसा होता हे यमक सांगते. चार वर्षांची पोर आधी ओळीचे शेपूट पकडते, मग सबंध ओळ. चुकली तरी फेर थांबत नाही. थोरल्या मुली तिला ओढून नेतात.

गाण्याने सर्वच स्मरणशक्ती तल्लख होते, असा दावा मात्र कोणी करू नये. मोत्सार्टचे संगीत ऐकून बुद्धी वाढते, अशी हाकाटी १९९३ सालच्या एका प्रयोगावरून झाली. तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता, आणि दिसलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. नुसते ऐकणे निराळे आणि स्वतः म्हणणे निराळे.

आज पुष्कळ ठिकाणी हादगा एका संध्याकाळपुरता उरला आहे. सारी गाणी कागदावर पाहून एकदम म्हटली जातात. मौज होते, पण उजळणी जाते. म्हणून घरी रोज दहा मिनिटे काढावीत. मुलगे-मुली दोघांनाही फेरात घ्यावे. आज एक गाणे, उद्या तेच आणि आणखी एक. याला खर्च नाही; फक्त वडीलधाऱ्यांनीही सोबत गायला हवे.