कोकमाची जात निवडताना

सुकापूर व पनवेल परिसरात बांधावर, परसात अथवा डोंगरउतारावर ज्यांची थोडी जागा मोकळी आहे, अशा शेतकऱ्यांस कोकमाचे झाड उपयुक्त आहे. परंतु रातांब्याच्या बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी झाडे नर निघतात व ती फुलावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, हा भेद उमगत नाही. इतकी वर्षे पाणी घालून, गुरांपासून राखून अखेर सरपणच हाती यावे, हा तोटा लहान शेतकऱ्यास सोसणारा नाही.

बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप या वेलीतही नर-मादी वेगळे असतात व फुले मादी वेलीचीच कामास येतात. म्हणून तेथील बागाईतदार बी न पेरता निवडक मादी वेलींच्या मुळकांड्या लावतात. कोकमातही तोच मार्ग धरून मादी झाडाच्या काडीवर बांधलेले मृदुकाष्ठ कलम लावावे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता (१९९७) व कोकण हातीस (२००६) या दोन जाती प्रसारित केल्या आहेत. अमृताचे फळ सुमारे ३५ ग्रॅमचे, तर हातीसचे सुमारे ९० ग्रॅमचे असते. साहजिकच नजर मोठ्या फळावर जाते. मात्र आधी माल कोणता करावयाचा ते ठरवावे. आमसुलासाठी साल मीठ घातलेल्या रसात भिजवून उन्हात वाळवावी लागते, आणि हे पाच-सहा वेळा करावे लागते. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर ते शक्य नसते. झाडावर राहिलेली फळेही गळून कुजतात. अमृताची फळे पावसापूर्वी हाती येतात, म्हणून आमसुलासाठी तिला प्रथम पसंती द्यावी. आगळ अथवा सरबतासाठी उन्हाची तितकी गरज नसल्याने हातीसचा विचार अवश्य करावा. जवळपास तिची फळती झाडे असल्यास ती केव्हा पिकतात हे पाहून घेणे बरे.

सर्वच कलमे मादी लावू नयेत. परागीभवनासाठी दहांत एक नर कलम असावे. परसातील एखाद्या झाडास शेजारच्या रानातील नर झाड पुरते.

कलम विकत घेताना ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी एक गोष्ट शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावी. आडव्या फांदीच्या काडीचे कलम पुढे आडवेच पसरते, झाडाचा आकार धरीत नाही. काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची असावी. असे कलम पावसाच्या आरंभी लावून पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात त्यास सावली व पाणी द्यावे.