पाण्याची पाळी आणि संगणकातील कुलूप

नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जाते. कालवा एक, शेते अनेक. म्हणून तेथे शेजपाळी असते. चारीवरच्या शेतकऱ्यांनी ठरल्या क्रमाने, एकामागून एक पाणी घ्यायचे. मध्येच कोणी दार उघडले, तर ज्याची पाळी आहे त्याचे पाणी तुटते. संगणकातही नेमका हाच प्रश्न उद्भवतो.

एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालू शकतात. त्यांना थ्रेड, म्हणजे धागे म्हणतात. सर्व धाग्यांची स्मृती सामाईक असते. समजा, पाणीपट्टीच्या पावत्यांची संख्या ४० आहे आणि दोन धाग्यांना तीत प्रत्येकी १ मिळवायचा आहे. उत्तर ४२ यायला हवे. परंतु सी भाषेतील ही एका ओळीची आज्ञा प्रत्यक्षात तीन पायऱ्यांची असते : वाचणे, मिळवणे, लिहिणे. पहिल्याने ४१ लिहिण्यापूर्वीच दुसऱ्याने ४० वाचले, तर दोघेही ४१ लिहितात. एक पावती हरवते आणि त्याची सूचनाही मिळत नाही. ही चूक क्वचितच घडत असल्याने चाचणीत सापडेलच असे नाही. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने काही रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले व त्यांपैकी काही दगावले. त्यामागील कारणांत समांतर कामांची अशीच शर्यत होती.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्यूटेक्स, म्हणजे एकच किल्ली असलेले कुलूप. किल्ली ज्याच्याकडे, त्यानेच सामाईक संख्येला हात लावायचा, बाकीच्यांनी थांबायचे. दुसरा उपाय ॲटॉमिक क्रिया. येथे अणुशक्तीचा संबंध नाही. 'अविभाज्य' हा मूळ अर्थ घ्यावा. तिन्ही पायऱ्या मिळून एकच क्रिया होते, मध्ये कोणालाही शिरता येत नाही. सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणकात या दोन्ही सोयींचा समावेश झाला.

एकच संख्या बदलायची असेल तर ॲटॉमिक क्रिया पुरते. एका खात्यातून वजा करून दुसऱ्यात जमा करायचे असेल, तर दोन्ही बदल एकत्र राखण्यासाठी म्यूटेक्स सोयीचा. गंमत अशी, की किल्ली एकालाच मिळावी यासाठी म्यूटेक्सच्या पोटातही बहुधा ॲटॉमिक क्रियाच असते.

कुलपे दोन असली की नवी अडचण येते. पहिल्या धाग्याकडे 'अ' कुलूप, दुसऱ्याकडे 'ब'. प्रत्येक जण दुसऱ्याच्या कुलपासाठी थांबला, तर दोघेही कायमचे अडकतात. सर्वांनी कुलपे एकाच क्रमाने घ्यायची, हा त्यावरचा साधा नियम. शेजपाळीतही महत्त्व क्रमालाच!

हे वर्गात करून पाहता येईल. फळ्यावर ० लिहा. दोन विद्यार्थ्यांनी आपापल्या गतीने संख्या वाचावी, जागेवर जाऊन वहीत १ मिळवावा आणि परत येऊन जुनी संख्या पुसून आपली लिहावी. प्रत्येकी दहा खेपा झाल्यावर फळ्यावर २० दिसतात का, ते पाहा. नंतर एकच खडू ठेवा : ज्याच्या हाती खडू, त्यानेच फळा वाचायचा आणि लिहून झाल्यावरच खडू ठेवायचा. आता २० येतील. मग विद्यार्थ्यांना विचारा, खडू फक्त लिहिताना घेतला तर चालेल का? चालणार नाही, कारण चुकीचे बीज वाचतानाच पडलेले असते. हे त्यांचे त्यांना उमगले, की म्यूटेक्स समजला असे आपण मानू.