आठवीतला एक रविवार आणि पुढची चार वर्षं

डिसेंबरातल्या एका रविवारी, दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मोठ्या हायस्कूलच्या आवारात जाऊन उभं राहावं. झाडाखाली, व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर आठवीची मुलं-मुली डबे उघडून बसलेली असतात. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कुणाकडे पुरी-भाजी. तोंडात घास असतो आणि तावातावाने वाद चाललेला असतो घड्याळाचा. आरशात आठ वाजून वीस मिनिटं दिसतात, तर खरे किती वाजले? एक म्हणतो, अकरा साठमधून आठ वीस वजा कर, तीन चाळीस. दुसरी म्हणते, एवढं कशाला? कागद उलटा करून उजेडाकडे धर, घड्याळ आपोआप सुलट होतं. दोघांचं उत्तर एकच. पण ज्याने पेपरात आठ वीसच लिहून टाकलं, त्याचा घास तोंडातच अडकतो.

ही परीक्षा म्हणजे एनएमएमएस. सरकारी कागदावर तिचं नाव लांबलचक आहे : राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती योजना परीक्षा. केंद्र सरकारने २००८ साली ही योजना सुरू केली. देशभरातून दरवर्षी एक लाख मुलं निवडायची आणि नववी ते बारावी अशी चार वर्षं त्यांना शिष्यवृत्ती द्यायची, अशी तिची रचना आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला ११ हजार ६८२ जागा येतात. परीक्षा घेण्याचं काम पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडे आहे. पेपर मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, तेलुगू आणि कन्नड अशा सात भाषांत निघतो. महाराष्ट्राच्या सीमाभागातल्या आणि शहरांतल्या शाळा किती भाषांत शिकतात, ते या यादीवरून कळतं.

गावात ‘स्कॉलरशिप’ म्हटलं की जुन्या माणसांना चौथी-सातवीची परीक्षा आठवते. तीही हीच परिषद घेते, पण ती राज्याची. त्या परीक्षेला कुठल्याही आर्थिक स्तरातलं मूल बसू शकतं. एनएमएमएसचं दार मात्र ठरवूनच अरुंद ठेवलं आहे. मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारं हवं. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालयं, नवोदय आणि सैनिकी शाळांतली मुलं बाहेर.

आठवीच का निवडली, यामागे साधा हिशेब आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत, मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली. ती हमी आठवीला संपते. मूल चौदा वर्षांचं झालेलं असतं, हाताशी आलेलं असतं. शेतात, वीटभट्टीवर, गॅरेजमध्ये, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात, कुठेही त्याची गरज असते. गळतीचा उतार नेमका इथून सुरू होतो, म्हणून योजनेची पाचर इथेच मारली आहे.

पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिट. सकाळी साडेदहाला बौद्धिक क्षमता चाचणी, दुपारी दीडला शालेय क्षमता चाचणी. दुसऱ्या पेपरात सामान्य विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न. तो अभ्यासाने जमतो. मुलांची खरी फजिती होते ती पहिल्या पेपरात, कारण त्याला पाठ्यपुस्तक नाही. संख्यामाला, सांकेतिक भाषा, दिशा, ठोकळे, वेन आकृत्या, पाण्यातलं प्रतिबिंब. ३, ८, १५, २४ यांच्यापुढे काय? हुशार मूल फरक बघतं : पाच, सात, नऊ, म्हणजे पुढे अकरा, उत्तर ३५. दुसरं मूल बघतं की हे सगळे वर्गसंख्येतून एक वजा केलेले आकडे आहेत, सहाचा वर्ग ३६, त्यातून एक गेला, ३५. दोन्ही वाटांनी जाणारी मुलं एकाच बाकावर बसलेली असतात आणि आपण वेगळ्या वाटेने आलो, हे त्यांना डबा खाताना कळतं. अशा वेळी त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. गणिताचा तास इतका रंगलेला वर्गात क्वचितच दिसतो.

हे शिकवायला सरकारी वेळापत्रकात तास नाही. जे होतं ते जादा तासांवर. शाळा भरायच्या आधी एक तास, दिवाळीच्या सुट्टीत दहा-बारा दिवस, रविवारी सराव पेपर. उत्तरपत्रिकेतलं वर्तुळ कसं पूर्ण काळं करायचं, बॉलपेनच का वापरायचं, एक प्रश्न सुटला की पुढची सगळी वर्तुळं कशी घसरतात, हेही शिकवावं लागतं. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतले असे कितीतरी शिक्षक आहेत, जे जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स स्वतःच्या खिशातून काढतात. त्यांच्यामुळे एखाद्या आडगावची शाळा वर्षानुवर्षं पाच-सहा मुलं यादीत आणते आणि शेजारच्या गावातल्या शाळेला ही परीक्षा असते हेच माहीत नसतं. मुलांच्या बुद्धीत एवढा फरक नसतो. फरक असतो तो एका माणसाच्या सकाळच्या तासाचा.

परीक्षेच्याही आधी एक अडथळा असतो, कागदांचा. उत्पन्नाचा दाखला काढायला सेतू केंद्रात जायचं, त्यासाठी वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडवायची. आधार कार्डावरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव यांत एका वेलांटीचा फरक निघाला, तर दुरुस्तीसाठी आणखी दोन खेपा. डिसेंबर म्हणजे साखर कारखान्यांच्या गाळपाचा भर. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबं तेव्हा घरापासून शेकडो किलोमीटर दूर उसाच्या फडात असतात. मूल आजीजवळ गावात राहिलं असेल, तरच ते परीक्षेला बसतं.

आणि ते मूल शासकीय वसतिगृहात असेल, तर? राहण्या-जेवण्याची आणि शिक्षणाची सोय सरकारकडून मिळणाऱ्या मुलांना या परीक्षेला बसता येत नाही. एकाच मुलाला दोनदा मदत नको, हा नियमामागचा विचार समजतो. पण वसतिगृहातल्या मुलाला वह्या, कंपास, चष्मा आणि घरी जायचं तिकीट लागतंच. आई-बाप फडात असलेल्या ज्या मुलाच्या डोक्यावर सरकारने छप्पर दिलं, त्याच्या हातातून त्याच छपरापायी ही संधी जावी, हे मनाला पटत नाही. हा नियम बदलायला हवा.

निकाल लागतो तो मोबाइलवर. शिक्षक एकेक बैठक क्रमांक टाकत जातात, भोवती मुलांचं कोंडाळं. दोन्ही पेपरांत मिळून ४० टक्के मिळाले की मूल पात्र ठरतं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांसाठी ही मर्यादा ३२ टक्के. पण पात्र होणं वेगळं आणि निवड होणं वेगळं. निवड यादी जिल्ह्याच्या कोट्याप्रमाणे, आरक्षणाप्रमाणे आणि गुणानुक्रमे लागते. जिल्ह्याचा कोटा ठरतो सातवी-आठवीचा पट आणि १२ ते १४ वयाच्या मुलांची संख्या यांवरून. यादीत नाव आलं की शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने नाव, प्रार्थनेच्या वेळी टाळ्या, सरपंचांच्या हस्ते गुलाबपुष्प, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो. ज्या घरात आजवर कुणाचा फोटो असा झळकला नव्हता, त्या घराला याचं मोल विचारून बघावं.

थोडक्यात हुकलेल्या मुलांपैकी मराठा आणि कुणबी समाजातल्या मुलांसाठी सारथी संस्थेने स्वतंत्र सोय केली आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने ती शिष्यवृत्ती दिली जाते : वर्षाला ९,६०० रुपये, नववी ते बारावी. इतर समाजांतली अशी काठावरची मुलं मात्र कोरड्या हातांनी परततात.

रक्कम किती? सुरुवातीला महिना ५०० रुपये होती. एप्रिल २०१७ पासून ती १,००० झाली, म्हणजे वर्षाला १२ हजार, चार वर्षांचे ४८ हजार. पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होतात. तेव्हापासून वह्या, पुस्तकं, शिकवण्या, चपला, मोबाइलचा रिचार्ज, सगळं महागलं. शिष्यवृत्ती आहे तिथेच आहे. तरीही चौदा वर्षांच्या पोरीच्या नावाचं पासबुक घरात आलं की काय होतं, ते शिक्षकांना विचारावं. बाप आकडा दोनदा वाचतो. दहावीनंतर लग्नाचा विषय निघाला, तर आईला बोलायला एक मुद्दा मिळतो : तिचे पैसे येतात, शिकू दे अजून दोन वर्षं.

हुशार मुलांना हेरणारी देशपातळीवरची जुनी आणि मानाची परीक्षा मात्र वेगळीच होती. १९६३ साली दिल्लीपुरती, फक्त दहा शिष्यवृत्त्यांची विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती देशभर नेली आणि शिष्यवृत्त्या ३५० केल्या. १९७६ नंतर समाजशास्त्रं, अभियांत्रिकी, वैद्यक अशा वाटाही तिच्यात आल्या आणि ती राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा झाली. पुढे ती दहावीच्या मुलांसाठी दोन टप्प्यांत होऊ लागली, आधी राज्याची, मग एनसीईआरटीची. शेवटच्या वर्षांत शिष्यवृत्त्यांची संख्या २,००० वर गेली होती. अकरावी-बारावीला महिना १,२५० रुपये आणि पदवी-पदव्युत्तर शिक्षणाला २,०००. एनटीएस स्कॉलर हे दोन शब्द कितीतरी जणांनी आयुष्यभर अभिमानाने नावापुढे लावले. योजनेची मंजुरी मार्च २०२१ ला संपली आणि परीक्षा थांबवण्यात आली. विज्ञानाकडे ओढ असलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी १९९९ पासून चालत आलेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही २०२२ साली इन्स्पायर योजनेत विलीन झाली. त्यामुळे शालेय वयात देशपातळीवरची शिष्यवृत्ती म्हणून गावाकडच्या मुलासमोर आज ठळकपणे उरते ती एनएमएमएस. तिच्यावरची जबाबदारी म्हणूनच वाढली आहे.

ही जबाबदारी निसटते ती निकालानंतरच्या चार वर्षांत. नववीत प्रवेश घेतला की राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा. दहावीत, अकरावीत, बारावीत दरवर्षी नूतनीकरण करायचं. अर्ज आधी शाळेने तपासायचा, मग जिल्ह्याने. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. दोन वर्षं व्यवहार झाला नाही म्हणून खातं निष्क्रिय झालं असेल, तर पैसे येतात कुठे? मोबाइल क्रमांक बदलला, तर ओटीपी जातो जुन्या सिमवर, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं असतं. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच फटक्यात जायला हवं. दहावीला किमान ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५५.

सर्वांत मोठी गळती मात्र दहावीनंतर होते आणि ती नापासांची नसते. चांगले गुण मिळालेला मुलगा तंत्रनिकेतनात पदविकेला जातो किंवा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकायला जातो. घरची स्थिती पाहता हा निर्णय शहाणपणाचा असतो, कारण तीन वर्षांत हाताला काम मिळतं. पण ही शिष्यवृत्ती पदविकेला आणि आयटीआयला लागू नाही, ती शाळेच्या बारावीपर्यंतच. दुसरा मुलगा विज्ञान शाखा घेतो, पण जवळचं कनिष्ठ महाविद्यालय विनाअनुदानित असतं, तिथेही ती मिळत नाही. ज्या गरिबीमुळे मूल निवडलं, तीच गरिबी त्याला दहावीनंतर लवकर कमावण्याच्या वाटेला लावते आणि तिथे शिष्यवृत्तीचा हात सुटतो. तंत्रशिक्षणाला लागलेल्या मुलाचीही उरलेली दोन वर्षं चालू ठेवली, तर योजनेचा हेतू अधिक नीट पार पडेल.

अकरावीला गेलेल्या मुलाचा प्रश्न आणखी साधा असतो. नवं कॉलेज तालुक्याला, वर्गात शंभर मुलं, कुणी ओळखीचं नाही. ऑफिसच्या खिडकीशी एनएमएमएसचं नूतनीकरण करायचंय म्हटलं, तर आतून विचारतात, हे काय असतं? कॉलेजची पोर्टलवर नोंद नसते, नोडल अधिकारी कोण हे ठरलेलं नसतं. मूल दोनदा जातं, तिसऱ्यांदा जात नाही. खात्यात येऊ शकणारे १२ हजार त्या बंद खिडकीपाशीच राहतात.

म्हणून काही शिक्षकांच्या टेबलावर एक साधी दोनशेपानी वही असते. डावीकडे मुलांची नावं, निवडीचं वर्ष, आणि पुढे चार रकाने : नववी, दहावी, अकरावी, बारावी. पैसे जमा झाले की रकान्यात बरोबरची खूण. मुलं शाळा सोडून गेली, तरी त्यांची पानं चालू राहतात. पोर्टल सुरू झालं की संध्याकाळी जेवणाआधी सर एकेक नंबर लावत बसतात. पलीकडे कधी आई असते, कधी शेतातून आलेला बाप, कधी बसस्टँडवरच्या गोंगाटात उभी असलेली पोरगी.

“अगं, अकरावीचा फॉर्म भरलास का? नाही? कॉलेजवाले काय म्हणतात? बरं, उद्या येतो मी तिथे. आधार आणि पासबुकाची झेरॉक्स तेवढी आण.”