रंगाचें चिलखत

रातांबा कोंकणांत चैत्र-वैशाखांत पिकतो आणि मृगाचा पाऊस कोसळूं लागला कीं त्याचा हंगाम आटोपतो. वर्षाची बेगमी म्हणून त्याची साल रसांत पुन:पुन्हां भिजवून उन्हांत वाळवितात, तेंच आमसूल. ताज्या फळाची लाली आणि जुन्या आमसुलाचा काळपटपणा शेजारीं ठेवून पाहिला, म्हणजे मधल्या काळांत कांहीं तरी गमावलें आहे हें कोणासहि कळतें.

गमावतें त्या द्रव्याचें नांव ॲन्थोसायनिन. जांभळाचा रंगहि याच कुळांतील. प्राणवायूच्या संयोगानें होणारी नासधूस हें द्रव्य आपल्याजवळील इलेक्ट्रॉन देऊन थोपवितें, असें प्रयोगशाळेंत दिसतें. परंतु जें दुसऱ्यासाठीं इतक्या तत्परतेनें झिजतें, तें बाटलींतहि स्वस्थ कसें राहावें? हवा, प्रकाश व उष्णता तिन्ही त्याच्या मुळावर येतात. ज्या गुणासाठीं तें हवें, त्याच गुणापायीं तें टिकत नाहीं.

यावर उपाय म्हणजे त्यास कवच घालणें. रसांत माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून केलेली जवळजवळ बेचव पूड, किंवा बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक विरघळवितात. मग त्या मिश्रणाचा सूक्ष्म फवारा सुमारें 150 ते 180 अंश सेंटिग्रेड उष्ण हवेंत सोडतात. उष्णतेनें रंग नासतो असें म्हणावयाचें आणि त्यालाच भट्टींत लोटावयाचें, ही विसंगति वाटेल. पण माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें हा थेंबहि बचावतो: पाणी उडून जातांना उष्णता घेऊन जातें. थेंब कोरडा होतो तोंच, कांहीं क्षणांतच, कण हवेंतून वेगळा काढला जातो. भुईमुगाच्या शेंगेसारखें टरफल मात्र येथें नसतें. वडींत गूळ तिळांस धरून ठेवतो, तसें पिष्ट रंगास धरून ठेवतें. कोकमाच्या आंबट, ओलावा शोषणाऱ्या रसाची पूड एरवीं चिकटून गोळा होते, तेंहि यामुळें टळतें. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंत कोकमावर असे प्रयोग झालेले आहेत.

हळदीची अडचण निराळी. चुन्यासारख्या क्षारानें तिचा पिवळा रंग तांबडा होतो, हें हळदीचें कुंकू करणाऱ्यांस पूर्वापार ठाऊक आहे. पण तिच्यांतील कर्क्युमिन पाण्यांत विरघळत नाहीं आणि आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें शिरतें. तेथें दुधांतील केसीनसारख्या प्रथिनाचें वेष्टण देतात, तें राखणीपेक्षां वाहनाच्या कामीं येतें.

तथापि चिलखत हें राखणदार आहे, धनी नव्हे. मुळांत नव्हता तो गुण त्यानें येत नाहीं. शिवाय परीक्षानळींत दिसलेला गुण शरीरांत तसाच उतरतो, असें गृहीत धरणें घाईचें होय. पुडक्यांतील भुकटींत कित्येकदां फळापेक्षां माल्टोडेक्स्ट्रिनच अधिक असतें, आणि तें बेचव असलें तरी पोटांत त्याची त्वरित साखर होते. मधुमेही माणसानें पुडक्यावरील यादींत हें नांव आधीं शोधावें. भुकटी पाण्यांत पडली कीं कवच विरघळतें व रंग पुन्हां उघडा पडतो. म्हणून सरबत हवें तेवढेंच करावें.