पालकाची सही

परवा लातूरहून धाकट्या भावाचा फोन आला. नववीतल्या भाचीच्या शाळेची सहल सिंगापूरला चालली आहे आणि ही हटून बसली आहे. "पुढचं वर्ष दहावीचं. लातुरात राहून कुणी ट्यूशन बुडवतं का? आत्या म्हणून तूच समजाव तिला." फोन स्पीकरवर होता. शेजारी आई शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तो कागद माझ्याकडं पाठव. मी करते सही."

आणि मला एकदम १९८३ चा डिसेंबर आठवला.

तेव्हा मी नांदेडला नववीत होते. शाळेची सहल हैदराबादला निघाली. तुम्ही म्हणाल, हैदराबाद हा काय परदेश झाला? पण मैत्रिणींनो, परदेश कुठं सुरू होतो हे ज्याच्या त्याच्या वयावर आणि काळावर असतं. माझी लातूरची आजी अकरा-बारा वर्षांची असताना वडिलांबरोबर बार्शीला गेली होती. लातूर निजामाचं, बार्शी इंग्रजांची. छोट्या रुळांच्या गाडीनं जायचं, वाटेत करोडगिरीवाले गाठोडी तपासायचे. आपला हाली रुपया तिकडं चालायचा नाही. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. "परमुलखात जाऊन आले मी," असं आजी शेवटपर्यंत सांगायची. हैदराबाद मात्र तिच्या लेखी आपलंच होतं. कोर्टकचेरी, मोठं शिक्षण, सगळं तिथं. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद आंध्रात गेलं. आजीचा परमुलूख घरचा झाला, अन् घरचं हैदराबाद माझ्यासाठी परकं!

सहलीच्या कागदावर पालकाची सही हवी होती. अण्णांनी तो नुसता बाजूला सारला. "पोरीच्या जातीला तीन-तीन रात्री बाहेर कशाला?" संपलं बोलणं. मी दोन दिवस धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी अण्णा कामावर गेल्यावर आईनं ब्लाउज शिवून साठवलेले पैसे डब्यातून काढले, तीन वर्षांच्या भावाला कडेवर घेतलं आणि माझ्याकडं पेन मागितलं. आई सातवी पास. पण घरातल्या कुठल्याच कागदावर तिची सही कधी लागली नव्हती. तिनं आधी वहीच्या मागच्या पानावर चारदा गिरवून पाहिली, मग कागदावर केली. वर्गात बाईंनी विचारलं, "वडिलांची नाही का?" मी म्हटलं, "आईची आहे." बाई क्षणभर थांबल्या आणि कागद त्यांनी गठ्ठ्यात ठेवला.

निघताना आई एवढंच म्हणाली, "सगळं नीट बघ अन् मला येऊन सांग."

रात्रीची मीटरगेज गाडी. बासर आलं तसं कुणीतरी ओरडलं, "गोदावरी!" सगळ्याजणी खिडकीला. पुलावरून अंधारात पाच-दहा पैशांची नाणी टाकली. गोवळकोंड्याला खाली दरवाजात टाळी वाजवली की वर बालाहिसारात ऐकू येते, म्हणून आम्ही हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. चारमिनार पाहिला, लाड बाजारात बांगड्या घेतल्या. पण जीव अडकला तो सालारजंग म्युझियममधल्या घड्याळात. तास झाला की त्यातून एक छोटा बाहुला येतो, घंटेवर टोले देतो आणि आत जातो. बाराचे टोले बघायला ही गर्दी! मी आईसाठी बारा टोले मोजले.

परत आले तेव्हा अण्णा आईशी बोलत नव्हते. किती दिवस, ते तिनं कधी सांगितलं नाही. पण रात्री भांडी घासताना तिनं घड्याळाची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. इतकी, की पुढं पाहुण्यांना तीच सांगायला लागली. मी चुकले तर मलाच दुरुस्त करायची.

आता पासपोर्टसाठी अल्पवयीन मुलांच्या कागदावर साधारणपणे आई आणि वडील, दोघांचीही संमती लागते. आजीच्या सहीनं भागत नाही, हे भावानं तिला समजावलं. ती म्हणाली, "मग तू कर. त्या दिवशी माझ्या कडेवर तूच होतास." तिकडून बराच वेळ आवाज नाही. रात्री भाचीचा फोन आला, "आत्या, बाबांनी सही केली!"

सिंगापूरचा खर्च मोठा आहे. तिच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुली जाणार नाहीत, हेही मी तिला सांगितलं. "त्यांना येऊन सगळं सांगशील ना?" मी विचारलं. "हो."

फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. चाळीस वर्षं मी आईला घड्याळ सांगतेय. नांदेडहून हैदराबाद एका रात्रीचं, पण तिला न्यायचं मला सुचलं नाही. अण्णा आता नाहीत, आईनं पंच्याहत्तरी ओलांडली आहे. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, म्हणून शनिवारचा बेत ठरवून देवगिरी एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढली आहेत. आईनं पिशवीत पाच-दहा रुपयांची नाणी आधीच टाकून ठेवलीत, गोदावरीसाठी.

सही मात्र या वेळी कुणाचीच लागली नाही.